परखी

“काठ स्वच्छ आहेत,” डॉक्टर म्हणाले, आणि देवकीने मांडीवरची पिशवी उचलून खांद्याला लावली. आदेशही उठला. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला, दाराबाहेर काढून ठेवलेल्या चपला तिच्या डोळ्यांसमोर आल्या, आणि तेवढ्यात डॉक्टर म्हणाले, “बसा मावशी, अजून झालं नाही.” ती बसली. पिशवी मात्र खांद्यालाच राहिली. कल्याणच्या त्या दवाखान्यातलं पुढचं बोलणं तिला नंतर तुकड्यातुकड्यांनी आठवायचं. उठणं आणि परत बसणं एवढंच अखंड राहिलं. पुढे कित्येक दिवस स्वयंपाकघरातून बाहेर पडताना, अंघोळीची बादली उचलताना तिच्या गुडघ्यांत तीच हालचाल अडकायची. उठायचं आहे की बसायचं आहे, हे गुडघ्यांनाच कळेनासं झालं होतं.

डॉक्टर तरुण होते, आदेशच्याच वयाचे. तोंडातून नळी घालून जठराच्या आतल्या अस्तरावरचा चपट्या करवंदाएवढा डाग त्यांनी सोलून काढला होता. डाग कॅन्सरचा होता, पण अगदी सुरुवातीचा, म्हणून पोट न फाडता काढता आला; तेव्हा ते म्हणाले होते, तुम्ही नशीबवान. आता त्या सालीची तपासणी मुंबईहून आली होती. त्यांनी कागदावर एकाखाली एक आडव्या रेघा ओढल्या आणि दुसऱ्या रेघेखाली पेनाचं टोक टेकवलं. “आजूबाजूला काही उरलेलं नाही. पण एका जागी हा अस्तराच्या खालच्या थरात उतरलाय. या थरात बारीक वाहिन्या असतात. इथवर पोचला की जठराबाहेरच्या गाठींकडे जायला वाट मिळते.” आदेश म्हणाला, “पण सीटी नॉर्मल आला ना, सर?” डॉक्टर म्हणाले, “सीटीत गाठी मोठ्या झाल्यात का, तेवढं दिसतं. लहान गाठीतही असू शकतो. मोठ्या गाठीत नसूही शकतो. म्हणून आम्ही अंदाज बांधतो. डाग केवढा, किती खोल, पेशी कुठल्या जातीच्या, वर जखम होती का, वाहिन्यांत काही सापडलं का. यांचा डाग लहान, जखम नाही, वाहिन्या मोकळ्या. ते सगळं यांच्या बाजूचं. खोली तेवढी विरुद्ध.” देवकीने विचारलं, “म्हंजे किती?” डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “तुमच्यासारख्या शंभर बायका घेतल्या, तर पंधराएक जणींच्या गाठींत सापडेल.” “आन् बाकीच्या?” “बाकीच्यांना काही नसतं. पण कोण कुठली, ते गाठी काढून तपासल्याशिवाय कळत नाही.” काढायच्या म्हणजे मुंबईला ऑपरेशन, जठराच्या खालच्या मोठ्या भागासकट. नाही काढायच्या तर दर काही महिन्यांनी नळी, सीटी, लक्ष ठेवणं. आणि गाठींतला उशिरा दिसला, तर मग हातात फारसं उरत नाही. महिन्याभरात ठरवा, ते म्हणाले. या वेळी ते स्वतः उठून उभे राहिले, म्हणजे खरंच झालं होतं.

आदेशच्या मित्राच्या गाडीतून हायवेने वाशिंदला परत येताना ती त्या शंभर बायकांना बसवायला जागा शोधत होती. अखेर मुरबाडच्या आपल्या भातगिरणीच्या अंगणात तिने त्यांना बसवलं, लग्नाच्या पंगतीसारख्या ओळी करून. सगळ्या चोपन्न वर्षांच्या, सगळ्यांचे केस कानामागे तिच्यासारखेच पांढरे, सगळ्यांच्या मांडीवर पिशवी. त्यांच्यातल्या पंधरा कोण, हे चेहऱ्यावरून ओळखायचा ती प्रयत्न करी, आणि प्रत्येक जण तिच्याकडे बघून तोच प्रयत्न करतेय असं तिला दिसे. गाडीने ब्रेक मारला. तिचा हात समोरच्या सीटकडे न जाता जांघेकडे गेला, नि तिथेच थांबला. मग तिला कळलं की हात आईच्या घरी गेलाय. तानसा धरणाच्या खालच्या अंगाला तिचं माहेर; मुंबईला पाणी नेणाऱ्या मोठ्या पाइपावरून पोरं अनवाणी चालायची, उडी मारायची, आणि पायात काटा मोडायचा. काटा विसरून जायचा. दोन दिवसांनी जांघेत सुपारीएवढी गाठ यायची, चालताना पाय ओढायचा. आई म्हणायची, अवधाण आलंय, पाय दाखव. आणि पायाच्या तळव्याला दिवा जवळ नेऊन ती काटा शोधायची, सुईने उकरून काढायची, गाठ शेकायची, नि गाठ आपोआप विरून जायची. गाठ शहाणी असते, आई म्हणायची, पायातलं वर जाऊ देत नाय, आडवी बसते. त्या गाठी दुखायच्या. हाताला लागायच्या. या डॉक्टरांच्या गाठी पोटाच्या मागे कुठेतरी गप्प बसल्या होत्या. काटा तर काढलेला होता, आणि गाठ आली की नाही, हे मात्र कुणालाच सांगता येत नव्हतं. तिने दोन बोटांनी साडीवरून जांघ चाचपली, मग मानेची बाजू, मग काख. गाडी चालवणाऱ्या आदेशने आरशातून पाहिलं आणि नजर काढून घेतली.

वाशिंदचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर होता. आदेश तिथल्याच कारखान्यात सुपरवायझर, सून समीक्षा शिकवण्या घ्यायची. ठरेपर्यंत आईने इथेच राहायचं, असं दोघांनी तिला न विचारता ठरवलं होतं. देवकीला तिथे करायला काही नव्हतं. ती तांदूळ निवडायची. पाकिटातला तांदूळ, त्यात निवडण्यासारखं काही नसायचं, तरी ती ताट पुढे ओढून एकेक दाणा सरकवत बसायची. दाण्यांचे तुकडे पडलेले दिसले की कुठल्यातरी गिरणीत ओलं भात भरडलं गेलं, असं मनाशी म्हणायची. आदेश संध्याकाळी येऊन बूट काढता काढता सुरू करायचा. “आई, यात विचार काय करायचा? काढून टाकायचं, टेन्शन खलास.” “तुझं टेन्शन खलास रे. पोट माझं जाईल.” “सगळं नाय जात. सर बोलले ना, थोडं राहतं. लोक जगतात, थोडं थोडं खातात.” “मी गिरणीवाली. थोडं थोडं कधी खाल्लंय मी?” समीक्षा हसली, मग हसले हे बरं नाही असं वाटून गॅसकडे वळली. “आणि नुसतं लक्ष ठेवलं तर?” ती पाठमोरीच म्हणाली. आदेश म्हणाला, “लक्ष ठेवायचं म्हंजे वाट बघायची. तू बघशील?” “मी कुठे म्हटलं? विचारतेय.” “पंधरा परसेंट कमी नाय समीक्षा. कंपनीत पंधरा परसेंट रिजेक्शन आलं ना, तर लाइन बंद करतात.” देवकीने ताटातला दाणा दाताखाली घेतला. कट् असा तुटला. सुका. “माझी लाइन बंद करायचीय का नाय, तेच ठरवतोय आपण,” ती म्हणाली. तिला वाईट वाटलं नाही. बोलण्यात जिंकणं तिला सोपं जायचं. एकटी पडली की तो सुका दाणा पुन्हा दाताखाली यायचा. एका दाण्यावरून ती पोतं सांगायची. आयुष्यभर तेच केलं होतं.

एका सकाळी आदेश कामावर गेल्यावर, गिरणीवर एकदा नजर टाकून येते, असं सुनेला सांगून ती निघाली. पौष संपत आला होता, म्हणजे भाताच्या हंगामाचे शेवटचे दिवस. गिरणीत भात भरडणारा हलर चालू होता, तुसाचा भुगा हवेत उभा होता, आणि दारामागच्या खिळ्याला परखी तशीच लटकत होती. परखी म्हणजे हातभर लांब पोकळ सळई, एका टोकाला निमुळती, एका बाजूने उघडी. पोत्याची वीण न फाटता आत जाते आणि पोकळीत मूठभर भात घेऊन बाहेर येते. तिने ती खाली काढली नाही. सासरे तिच्या डोळ्यांदेखत पोत्याला तीन ठिकाणी परखी मारायचे, तोंडाशी, पोटात आणि बुडाच्या कोपऱ्यात; दाणे तळहातावर घेऊन चावायचे, वास घ्यायचे, आणि मान हलवली की पोतं थप्पीवर. मुरबाडच्या गिरण्यांचा रिवाजच होता: परखी सुकी आली की विषय संपला. त्यानंतर पोतं उलटायला सांगणं म्हणजे माणसाला भर अंगणात चोर म्हणणं. शेतकरी पोत्याशेजारी उभा असे, परखी आत जाताना दुसरीकडे बघत असे, आणि भाव ठरला की दोघं चहा पीत. सासरे गेले, मग नवरा गेला, आणि एकोणीसशे नव्वदनंतरच्या वर्षांत परखी तिच्या हातात आली. पहिल्याच हंगामात तिन्ही ठिकाणी सुकं लागलेलं एक पोतं आतून ओलं निघालं. पोत्याच्या गाभ्यात, जिथे परखी पोचली नव्हती, तिथे भात तापलं होतं. थप्पीत हात कोपरापर्यंत घातल्यावर भाकरीच्या पिठासारखी ऊब लागली, आणि मग कळलं की ऊब एका पोत्यातून शेजारच्या पोत्यांत सरकलेली आहे. कुबट वास तिच्या बोटांना दिवसचे दिवस राहिला होता. आता त्याच गिरणीत उभं राहून तिला तो वास आठवायला हवा होता, ऑपरेशनच्या बाजूने. पण आठवायचं ते दुसरंच.

त्या तापलेल्या थप्पीनंतरच्याच आठवड्यात धसईकडचा म्हादू बैलगाडीतून भात घेऊन आला होता. उंच, हाडकुळा, खांद्यावर पंचा. त्याच्या खळ्यावर अवेळी पाऊस पडून गेल्याचं सगळ्यांना माहीत होतं. तिने पहिल्याच पोत्याला परखी मारली, तोंडाशी, पोटात, बुडाला. दाणे चावले. सुके. म्हादू दुसरीकडे बघत होता. आणि ती म्हणाली, “उलटा.” हलरवरच्या माणसाने पट्टा सैल केला. म्हादूने पोत्याची शिवण दाताने तोडली आणि पोतं ताडपत्रीवर उलटं केलं. भात तळापर्यंत सुकं होतं. तिने हात घालून घालून बघितलं, ढिगाच्या मधोमध, खाली, चावलं, पुन्हा चावलं. सगळं कट् कट् तुटत होतं. म्हादू उकिडवा बसून ओंजळीने भात परत भरू लागला. तेच भात, तेच पोतं; पण आता ते मावेना. उलटलेलं भात सैल होतं, ते पुन्हा तसं बसत नाही. त्याने पोत्याला हिसके दिले, आपटलं, गुडघ्याने दाबलं, तरी चार ओंजळी उरल्या. त्या त्याने पंच्यात बांधल्या. मग सगळी पोती परत गाडीवर चढवली आणि बैल वळवले. तेव्हापासून म्हादू तिच्या गिरणीवर आला नाही. तापलेल्या थप्पीवर ती नंतर हसून बोलायची. म्हादूचं नाव कुणी काढलं, तर आत जाऊन पाणी पिऊन यायची. आता त्या शंभरातल्या ऐंशीच्या वर बायका त्याच अंगणात पोती होऊन बसल्या होत्या, तळापर्यंत सुक्या, आणि त्यांना उलटायला सांगणारं कुणीतरी समोर उभं होतं.

“वैनी, अशी काय भूत बघितल्यावानी उभी?” ठमी म्हणाली. ठमी डोंगराकडच्या वाडीवरची, गिरणीत पाखडायला यायची ती सासऱ्यांच्या वेळेपासून. तिने सूप खाली ठेवलं, हात लुगड्याला पुसले. “आदेशनी फोन केलता गिरणीत. समदं सांगितलं. पोट काढायचं म्हन.” “ठरलं नाय अजून.” “नको काढू गो. आमच्या वाडीत एकीचं फाडलं, वारा लागला, आन् पसरला सगळीकडं.” “वारा लागून पसरत नाय ठमे. पसरलेला असतो, म्हणून फाडतात.” “मंग तुजा पसरलाय?” “ते कळत नाय.” ठमीने तिच्याकडे नीट पाहिलं. “पोत्यात हात न घालता सांगायचीस तू, कुनाच्या खळ्यावर किती दव पडलं. आन् सोताच्या पोटाचं कळत नाय?” ती चिडवत होती की खरंच विचारत होती, हे देवकीला समजलं नाही. तिने विचारलं, “धसईचा म्हादू हाय का गो अजून?” “म्हादू? हाय की. दात गेलं सगळं, आवाज तेवढा ऱ्हायलाय. का?” “काय नाय,” देवकी म्हणाली, आणि तशीच नाक्यावर जाऊन धसईच्या जीपमध्ये बसली. बी-भाताचं विचारून येऊ, असं तिने मनाशी कारण केलं. पौषात बी-भाताचं कुणी विचारत नाही, हे तिला जीप निघाल्यावर सुचलं.

म्हादू ओटीवर बसून दोरी वळत होता. त्याने तिला लगेच ओळखलं. “वैनी? आता काय घर उलटाया आलाव?” आतून सून हसल्याचा आवाज आला. देवकी ओटीच्या कडेवर टेकली, पाणी प्याली, दोन शब्द पिकापाण्याचे बोलली, आणि मग इतकी वर्षं माफीचं जे वाक्य तिने घासून ठेवलं होतं ते न म्हणता भलतंच म्हणाली. “तुमी परत आलाच नाय गिरणीवर.” “धसईला गिरनी झाली ना. जवळ पडतं.” “तेवढंच?” “मंग आनखी काय?” त्याने दोरीला पीळ दिला. तिला उठावंसं वाटलं आणि बसावंसं वाटलं. “मला वाटलं, उलटायला लावलं म्हणून. अपमान झाला म्हणून.” “झाला की. नाय झाला कसं म्हनू?” म्हादू म्हणाला. “पन खरं सांगू का, परखी सुकी आली ना, तवा मी मनात म्हनलं, सुटलो. म्हंजे मलाच ठावं नव्हतं. लुगडी टाकून झाकलं व्हतं खळं, पन पानी कुठून किती गेलं, कोन बगतो? भात मी पिकवलं, मी भरलं, मी शिवलं, आन् आत काय हाय ते मला ठावं नाय. तुमी म्हनलाव उलटा, तवा पाय गेलं माजं.” “आन् उलटलं नसतं तर?” “तर तुमच्या थप्पीत गेलं असतं. आन् मी हितं बसून रोज वास घेत बसलो असतो, कुनाची तरी थप्पी तापली म्हनून आईकाया येतंय का.” दोरी वळणं चालूच होतं. मग तिने सांगितलं. डाग, खालचा थर, गाठी, शंभर बायका. त्याने तिच्या पोटाकडे पाहिलं नाही. सगळं ऐकून होईपर्यंत दोरीकडे पाहत राहिला, जसा परखी आत जाताना तो दुसरीकडे बघायचा. “सुकंच निघालं तर?” तिने विचारलं. “तर ईल रागबीग. मला बी आलता.” “कुणाचा?” “ते अजून नाय कळलं,” म्हादू म्हणाला, आणि सुनेला चहा टाकायला सांगितला.

जीपमधून परतताना तिला हलकं वाटायला हवं होतं. ते वाटलं नाही. इतकी वर्षं तिने म्हादूच्या जागी एक माणूस उभा केला होता, ज्याला आपलं पोतं तळापर्यंत माहीत होतं आणि जे माहीत होतं त्यावर दुसऱ्याने विश्वास ठेवला नाही. तो माणूस कधी नव्हताच. अंगणात दोघंही सारखीच अडाणी उभी होती, पोत्याच्या या बाजूला एक आणि त्या बाजूला एक, मध्ये शिवलेली वीण. आणि आता या बाजूलाही तीच होती आणि त्या बाजूलाही तीच. तिच्या पोटाबद्दल हक्काने सांगणारं कुणी नव्हतं. ती स्वतः तर मुळीच नाही. हे एवढं पुरेसं आहे की नाही, याचा ती सरळगावपर्यंत विचार करत राहिली. नंतर तिच्या लक्षात आलं की तिचा हात पुन्हा जांघेवर आहे, आणि तो तिथे रोज जाणार आहे, या महिन्यात, पुढच्या महिन्यात, दर नळीच्या आधी, दर सीटीच्या नंतर, कुणाच्या थप्पीचा वास येतोय का, ते बघायला. वाशिंदला पोचल्यावर तिने चपला काढायच्या आधी आदेशला सांगितलं, “मुंबईच्या डॉक्टरला फोन लाव. करूया.” आदेश फोनकडे वळला आणि नंबर दोनदा चुकला.

ऑपरेशनचे दिवस तिला फारसे आठवत नाहीत. नाकातली नळी, शेजारच्या खाटेवरच्या बाईची खोकल्याची उबळ, समीक्षाने ओल्या कापसाने ओठ पुसणं. टाके निघायच्या वेळी सर्जन स्वतः आले. काढलेल्या जठरात काही उरलेलं नव्हतं, आणि गाठी सगळ्या तपासल्या, एकीतही काही नाही. “अभिनंदन,” ते म्हणाले. आदेशने त्यांचे दोन्ही हात धरले. मग ते गेल्यावर तो खिडकीशी जाऊन उभा राहिला आणि बराच वेळ वळला नाही. त्याच्या पाठीवरून तिला कळत होतं की तो हिशेब परत मांडतोय आणि उत्तर तेच येतंय. तिच्या अंगणातल्या बायका उठून चालल्या होत्या, पिशव्या खांद्याला लावून, एकेक करून फाटकाबाहेर. ती बसूनच होती. राग आला. जोरात आला, टाक्यांना ओढ बसेल इतका, आणि कुणावर ठेवावा ते न कळून तसाच बसून राहिला.

होळीच्या सुमारास ठमी वाशिंदला आली, फडक्यात सुकवलेली मोहाची फुलं घेऊन, जी देवकीला आता खाता येणार नव्हती. तिने देवकीला वरून खालून पाहिलं. “कायबी नव्हतं म्हन.” “नव्हतं.” “मंग काढलं कशाला?” दारातून समीक्षाने ठमीकडे डोळे मोठे केले. ठमीने तिकडे लक्ष दिलं नाही. देवकीच्या पुढ्यात पेजेची वाटी होती. चमचा चमचा घ्यायची, मध्ये थांबायचं, परत घ्यायची. घाई केली की घाम फुटायचा आणि कानांत शिट्टी वाजायची. अर्धी वाटी झाली होती. तिने चमचा वर केला, थांबली, आत जागा होतेय का त्याचा अंदाज घेतला. “म्हादू भेटला व्हता बाजारात,” ठमी म्हणाली. “इचारीत व्हता, सुकं निघालं का. मी म्हनलं, मला काय इचारतोस, मला तुमचं बोलनं ठावं नाय.” देवकीने तो चमचा संपवला. उरलेल्या पेजेवर तिने ताटली झाकली आणि वाटी हाताच्या अंतरावर, उन्हात सरकवली.

“सांग त्याला, तळापर्यंत सुकं निघालं,” ती म्हणाली. “आता परत भरत बसलेय.”